मार्थाबाईचं वऱ्हाड

मार्थाबाईला गाता येत नव्हतं. ही गोष्ट तिला सोडून सगळ्या तालुक्याला माहीत होती.

तरी ती गायची. सुया उकळत ठेवल्या की गायची. तिचं म्हणणं, सुईला घड्याळ कशाला पाहिजे? चर्चमधलं एक मोठं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटलं की सुई शुद्ध झाली. डॉक्टरसाहेब एकदा काकुळतीला येऊन म्हणाले, "मार्थाबाई, माणसं खोळंबलीत. शेवटची दोन कडवी राहू द्या."

"देवाचं गाणं अर्धं म्हणत नाहीत बाळा, आणि सुई अर्धी उकळत नाहीत."

डॉक्टर वयानं लहान होते, पण डॉक्टर होते. त्यांनाही बाळा. काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्याला बाळा. एकदा बैल आडवा आला तर त्यालाही "सरक बाळा" म्हणाली, आणि सरकला तो.

हे आत्ता आठवायचं कारण असं. माझी बायको शेवंता गेली, त्याला अजून वरीस झालं नाही. परवा दारात नर्सबाई आल्या, पणतूला डोस पाजायला. खांद्याला निळी पेटी, आत बर्फ. मी पेटीवर हात टेकला तर म्हणाल्या, "आजोबा, हात काढा, आतलं औषध थंड ठेवायचं असतं." मला एकदम हसायला आलं. थांबेचना. नातसून घाबरली आणि नगरजवळ नागापूरला कंपनीत असतो त्या नातवाला फोन लावायला निघाली. मी म्हटलं, "अगं, डोकं ठिकाणावर हाय माझं. मार्थाबाई आठवली."

"कोण मार्थाबाई?"

आता ही गोष्ट सांगायचं काम आमच्या घरात शेवंताचं होतं. मी सुरू केली की ती तोडायची, "तुमाला न्हाई जमत, गप बसा." त्या दिवशी सांगायला लागलो आणि ती तोडायची तिथं आपोआप थांबलो. पुढं सरकेना. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहितोय. शिक्षण चौथीपर्यंत, त्यात चौथीचे गुरुजी वर्षभर आजारी. चुकलं तर चुकलं.

बहात्तरचा दुष्काळ. आमचा भाग नगरच्या पूर्वेचा, एरवीही कोरडाच. दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी माणसं आमची. त्या साली ऊसच नव्हता तर तोडता काय? माझे बैल काष्टीच्या बाजारात गेले आणि बैलगाडी चुलीत गेली. नगरला एका गॅरेजात मी काही महिने चाकात हवा भरली होती आणि तिथंच गाडी हाकायला शिकलो होतो. तेवढ्यावर सरकारी दवाखान्याच्या जीपवर हंगामी ड्रायव्हर म्हणून लागलो. शेवंता आमच्याच गावच्या माळावर, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. आसपासच्या गावांतलं सगळं माणूस त्या माळावर. प्यायला एक विहीर, तिच्यातही टँकरनं पाणी ओतायचं. खायला लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी आणि सरकारी सुकडी, म्हणजे वाटपाचा कोरडा खाऊ.

मार्थाबाई नगरहून बदलून आली होती. नगरच्या ख्रिस्ती आळीत वाढलेली, लग्न न केलेली, पन्नाशी ओलांडलेली. अंगानं एवढी की जीपमध्ये बसली की जीप तिच्या बाजूला कलायची आणि मला डावीकडच्या चाकात जास्त हवा ठेवावी लागायची. ती नर्स. पण दुष्काळात माणूस कमी, म्हणून डॉक्टरांनी औषधांचं कोठारही तिच्याच गळ्यात घातलं. नगरहून औषध आणायचं आणि दुष्काळी कामांवर पोचवायचं. ऐकायला सोपं वाटतं.

पहिल्याच खेपेला आम्ही माती खाल्ली. मी आणि एक हमाल. सलाईनच्या बाटल्या त्या वेळी काचेच्या असायच्या. त्या आम्ही खाली ठेवल्या आणि विहिरीत टाकायच्या पावडरचे डबे वर रचले. डबे जड, बाटल्या हलक्या, एवढाच विचार. गावात शिरलो तेव्हा जीपच्या मागं एक शेळी रस्ता चाटत चालली होती. सलाईन खारट असतं, हे आम्हाला त्या शेळीनं शिकवलं.

आता बाई फाडून खाणार असं वाटलं. तर ती पावडरच्या डब्यावर बसली, फुटक्या काचांकडं बघत राहिली, आणि मग हमालाला म्हणाली, "बाळा, कधी वऱ्हाडात गेलायस?"

"लई येळा."

"वऱ्हाडाच्या गाडीत म्हातारा असला तर त्याला कुठं बसवतात?"

"फुडं. गोधडी टाकून."

"त्याच्या डोक्यावर सासूला बसवतात का?"

हमाल लाजला. "न्हाई वो."

"मग ऐक. ह्या बाटल्या म्हणजे म्हातारे. धक्का सोसत नाही, पुढं बसवायचे. ही पावडर म्हणजे सासू. तोंड उघडं राहिलं तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, म्हणून तोंड घट्ट बांधून मागं. पण तिच्यावाचून घर स्वच्छ राहत नाही, हेही ध्यानात ठेव."

त्या दिवसापासून आमचं औषध राहिलं नाही, वऱ्हाड झालं. टिंक्चर ही नणंद, कारण लागली की झोंबते. स्पिरिट हा जावई. त्याच्यावर नजर ठेवावी लागायची, दिवस कलला की तो कुणाबरोबर तरी नाहीसा व्हायचा. आणि लस म्हणजे नवरी. उन्हात उभी करायची नाही, रस्त्यात रेंगाळू द्यायची नाही, वाटेत कुणी तोंड उघडून बघायचं नाही, सरळ मांडवात न्यायची. इंग्रजी नावं आम्हा कुणाच्या जिभेला वळत नव्हती. पण नवरीला कसं न्यायचं हे कुणालाही शिकवावं लागत नाही. पुढं बाटली फुटली नाही.

एकदा नगरहून निघताना तालुक्याचा एक पुढारी आडवा आला. पांढरी टोपी, पांढरं धोतर, कडक इस्त्री. "बाई, तालुक्याला सोडा."

"जागा नाही. पुढं चार म्हातारे बसलेत."

त्यानं आत वाकून बघितलं. माझ्या आणि बाईच्या मधे गोधडीत गुंडाळलेली बोचकी. "कुठायत म्हातारे?"

"हळू बोला. झोपलेत."

पुढारी इरेला पेटला. मागं चढला आणि पावडरच्या डब्यावर बसला. दुष्काळातले रस्ते, ते आपले डांबराच्या आठवणीवर चाललेले. एका खड्ड्यात डब्याचं झाकण उडालं. मागनं शिंका आणि शिव्या एकदमच यायला लागल्या. बाईनं मान वळवली नाही. "सासूशेजारी बसलात, आता सोसा." तालुक्याला उतरला तेव्हा कपडे होते तसेच पांढरे, पण मिशा आणि भुवयाही पांढऱ्या. घ्यायला आलेल्या कार्यकर्त्यांनी त्याचेच पाय धरले आणि विचारलं, "आबा, साहेब न्हाई आले का?"

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर आमच्या माळावर पटकी आली, म्हणजे कॉलरा.

आधी एका मुकादमाचा भाऊ आडवा झाला, मग एक म्हातारी. भाऊ सलाईनवर तगला. म्हातारी गेली. शेवंताच्या शेजारी बसून खडी फोडायची ती. खात्याचे मोठे साहेब आले, नाकाला रुमाल लावून विहिरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "येत्या सोमवारी मी परत येतो. तोवर सगळ्यांना लस टोचून झालेली असली पाहिजे. नसली तर काम बंद, माणसं घरी पाठवा. हजार माणूस एका विहिरीवर मरू देणार नाही मी."

साहेबांचं चुकत नव्हतं. पण घरी पाठवायचं म्हणजे कुठं? घरी काय होतं? काम बंद म्हणजे रोजगार बंद, सुकडी बंद. माळावर सगळ्यांचं तोंड उतरलं.

त्याहून वाईट म्हणजे लस घ्यायलाही कुणी तयार नव्हतं, आणि न घेणाऱ्यांची पुढारीण होती आमची शेवंता. ती मार्थाबाईच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, तुमच्या सुईनं दंड सुजतो. माझ्या भावजयीचा सुजला हुता, दोन दिस हात वर हुईना. हातोडा उचलला न्हाई तर हजेरी न्हाई. हजेरी न्हाई तर चूल न्हाई. पटकी यील तवा यील, भूक रोज येती."

बायांनी माना डोलावल्या. मार्थाबाई जीपमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, "किसन, तुझी बायको बरोबर बोलते. चल, नवरी तर आणू. मांडवात कोण बसतं ते पुढं बघू."

नगरच्या औषधाच्या भांडारात जिल्हाभरची माणसं लस मागायला उभी. कुणी ऐकेना. बाईनं एक स्टूल ओढलं, बरोबर दारात ठेवलं, त्यावर बसली आणि गायला लागली. पहिलं कडवं झालं तेव्हा लोक हसले. तिसऱ्याला कारकुनांनी कानांत बोटं घातली. भांडाराचा साहेब स्वतः बाहेर आला.

"बाई, हे गाणं किती मोठं आहे?"

"लस मिळेपर्यंत आहे, बाळा."

लस मिळाली. ती न्यायची रीत बाईची स्वतःची होती. त्या साली दुधाचे कॅन सगळीकडं रिकामेच पडलेले. एका कॅनमध्ये बर्फ, बर्फात पत्र्याचा डबा, डब्यात नवरी. बाहेरनं लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट, त्यावर ओलं फडकं. कॅन बाईच्या मांडीवर. निघायच्या आधी तिनं आमच्या तालुक्याच्या टपालकचेरीला फोन लावला, माळावर निरोप धाडायला. तिथला जुना फोनवाला बाबुराव, त्याला आमचं वऱ्हाड पाठ होतं. पण त्या दिवशी बाबुराव रजेवर, त्याच्या जागी नवा माणूस. लाइनीत खरखर, बाई ओरडतीये:

"नवरी मिळाली! किसन ड्रायव्हर घेऊन निघालाय! माळावर सांगा, मांडव घाला, सगळ्यांना एकत्र बसवा! हॅलो! सगळ्यांना टोचायचंय! हॅलो!"

'टोचायचंय' म्हणायच्या आधीच लाइन तुटली होती. आम्हाला काय माहीत?

नव्या माणसानं निरोप इमानदारीनं पोचवला. किसन ड्रायव्हरला नवरी मिळाली, घेऊन निघालाय, मांडव घाला. एवढंच नाही, ही बातमी एकट्याच्या पोटात राहीना म्हणून घाटाखालच्या नाक्यावरही फोन करून सांगितली. आणि नाक्यावरचा हवालदार शेवंताच्या माहेरगावचा.

दुपारचं ऊन, जीप घाट उतरली, तो हवालदार दांडकं आडवं धरून रस्त्यात उभा.

"दाजी, उतरा खाली."

मला वाटलं, पाव्हणा म्हणून चहा पाजतोय. उतरलो.

"लाज न्हाई वाटत? आमची शेवंता उनात खडी फोडती आन् तुमी सवत आनता व्हय? कुठाय ती?"

"कोन?"

"नवरी!"

"ती व्हय? गाडीत हाय की," मी म्हणालो. माझ्या डोक्यात लसच होती. आजही सांगतो, माझ्या डोक्यात लसच होती.

हवालदार तावातावानं जीपकडं गेला. आत छत्री उघडून, पांढऱ्या साडीत, मांडीवर कॅन धरून मार्थाबाई. तो खालपासून वरपर्यंत बघत राहिला. मग माझ्याकडं वळला, आणि त्याचा राग जाऊन त्याच्या आवाजात काळजी आली.

"दाजी... ही?"

बाईला एका क्षणात सगळं कळलं. "बाळा, मला मागणी घालणारा अजून जन्माला यायचाय. आणि आला तरी तो तुझा दाजी नसेल. ह्याला जीप उताराला उभी करता येत नाही, दोन बायका काय सांभाळणार?"

"मंग नवरी कुठाय?"

"ह्या कॅनमध्ये."

हवालदारानं दांडकं खाली ठेवलं. "बाई, सरकारी मानसाची चेष्टा करू नका. झाकन उघडा."

"नवरीचं तोंड रस्त्यात उघडत नाहीत."

"उघडा म्हंतो!"

गोणपाटातनं पाणी टिपकायला लागलं होतं. एक एक थेंब मातीत पडत होता आणि बाई त्या थेंबांकडं बघत होती. बर्फ गेला तर लस गेली, लस गेली तर सोमवारी काम गेलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हवालदाराला म्हणाली, अगदी हळू, "इकडं ये बाळा. गाल टेक ह्याला."

"क्काय?"

"टेक तर."

त्यानं वाकून कॅनला गाल लावला. वैशाखातलं ऊन, टोपीखालनं घामाच्या धारा. गाल लावला आणि डोळे मिटले. मग तसाच, गाल न काढता, म्हणाला, "काय हाय वो आत?"

"पटकीची लस. तुझी शेवंता आणि तिच्यासारख्या हजारजणी जगाव्यात म्हणून. आता तू मला अडवतोस का पुढं पोचवतोस?"

हवालदार जीपमध्ये चढला. बाईच्या मांडीवरचा कॅन त्यानं आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळला. रस्ताभर बाईनं मागितला तरी परत देईना. "असू द्या, असू द्या, तुमी दमला असाल," म्हणायचा आणि दुसरा गाल टेकवायचा.

माळावर पोचलो आणि माझे पाय ब्रेकवरच थिजले. खरंच मांडव घातला होता. ताडपत्री, कडुनिंबाचे डहाळे. सगळं सेंटर, म्हणजे दुष्काळी कामावरचं सगळं माणूस, काम टाकून समोर बसलेलं. कुणीतरी हलगी आणली होती. आणि मांडवाच्या तोंडाशी शेवंता. पदर खोचलेला, हातात खडी फोडायचा हातोडा.

हलगी थांबली.

"उतरा," शेवंता म्हणाली.

"अगं, ऐकून तर घे."

"उतरा म्हंतीया न्हवं? का तिला उचलून उतरवायचं हाय? दाखवा तरी, काय रूप घावलंय दुष्काळात!"

मी हवालदाराकडं बघितलं. तो म्हणाला, "आक्का, म्या बगितली. लई गार हाय."

"तू बी?" शेवंता किंचाळली. "माहेरचा मानूस असून तू बी तिलाच मिळालास?"

सगळा माळ हसायला लागला. शेवंता नव्हती हसत. तिचे डोळे भरले होते. ते मी बघितलं. तेवढ्यात जीप डावीकडनं वर उचलली गेली, म्हणजे मार्थाबाई उतरली. ती सरळ शेवंतासमोर गेली, कॅनचं झाकण काढलं आणि एक छोटी बाटली तिच्या नाकासमोर धरली.

"ही घे तुझी सवत. गोरी आहे, थंड आहे, आणि एक शब्द बोलत नाही."

शेवंतानं बाटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत बाटलीकडं. सगळं तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. पण शिरल्यावर ती शेवंता होती.

"बोलत न्हाई?" ती म्हणाली. "मंग राहू द्या की. आमच्या ह्यांना तशीच पायजे हुती."

आता बाया पोट धरून हसत होत्या. मार्थाबाई हसली नाही. ती शेवंताच्या हातातल्या हातोड्याकडं बघत होती. टक लावून.

"पोरी, ह्या किसनला कुठल्या हातानं मारणार होतीस?"

शेवंतानं उजवा हात उचलला. "ह्या."

"मग तो राहू दे. दुसरा दे."

शेवंतानं हातोड्याचा हात बघितला, रिकामा हात बघितला. बाईनं हे आधी का केलं नाही? तिलाही सुचलं नव्हतं. दवाखान्यात सुई म्हणजे जो हात पुढं येईल त्या हाताला, अशीच रीत. कुणी विचारलंच नव्हतं, पोरी, तू काम कुठल्या हातानं करतेस.

शेवंतानं डावी बाही वर केली. "टोचा. पन मी डोळं मिटनार न्हाई. सवतीला डोळं दाखवायचंत मला."

पुढं काय विचारता! मार्थाबाई ओरडायला लागली, "हातोडा दाखवा! हातोडा दाखवा!" आणि जो तो हातोडा उंच धरून दुसरा दंड पुढं करायला लागला. डावखुऱ्यांची वेगळी ओळ. खडीच्या पाट्या वाहणाऱ्यांचं मात्र अडलं, त्यांना दोन्ही हात लागायचे. बाई म्हणाली, "मुकादम, ह्यांना उद्या झाडाखाली बसून हजेरी." मुकादम म्हणाला, "तसा नियम न्हाई." बाईनं विचारलं, "तुझा कुठला हात?" मुकादमानं नियम सोडला.

मधे मधे सुया उकळत राहिल्या आणि बाई गात राहिली. त्या दिवशी हलगीवाल्यानं साथ धरली, आणि काय सांगू, हलगीच्या आवाजात तिचं गाणं बरं वाटलं, कारण ते ऐकूच येत नव्हतं. हवालदार ओळी लावत होता. मुलीकडचा माणूस असल्यासारखा सगळ्यांना "बसून घ्या, बसून घ्या" म्हणत फिरत होता. सगळं संपलं तेव्हा कॅनमध्ये बर्फाचे चुरे उरले होते. बाईनं ते पोरांच्या तळहातांवर ठेवले. त्यातल्या कितीजणांनी बर्फ आधी बघितलाच नव्हता. भाजलं म्हणून रडायला लागले आणि तरी हात मागं घेईनात.

सोमवारी साहेब आले, नाकाला रुमाल. सगळ्या माळावर दंड सुजलेले, कुणाला कणकण, पण हातोडे चाललेले. सगळीकडं एकच हात चालतोय आणि दुसरा अंगाशी धरलेला, असं ते दृश्य. साहेब म्हणाले, "हे काय, सगळे लुळे झाले का?" डॉक्टरांनी सांगितलं. साहेबांनी रुमाल खाली घेतला, विहिरीवर जाऊन आले, आजाऱ्यांच्या तंबूत डोकावले. तंबू रिकामा होता. "बरं," म्हणाले, "चालू ठेवा." मग बाईनं त्यांना गाठलं. "साहेब, तुम्ही सही कुठल्या हातानं करता?" साहेब काही कळायच्या आत उजव्या हातानं सही करतो म्हणून गेले, आणि बाईनं त्यांचा डावा दंड धरला.

दुसऱ्याच दिवशी मला पाण्याच्या टँकरवर टाकलं, आणि मार्थाबाईला दुसऱ्या तालुक्यात, तिथंही पटकी होती. नगरला निवृत्त झाली आणि तिथंच गेली, असं पुढं कुणाच्या तरी तोंडून कळलं, तेही फार उशिरा. म्हणजे मी तिला शेवटचं बघितलं ते त्या सोमवारीच.

साहेबांची गाडी धुरळा उडवत गेली. मुकादमानं शिट्टी मारली. थांबलेले हातोडे परत सुरू झाले, आधी इकडं चार, तिकडं चार, मग सगळा माळ. दगडावर लोखंड, कान किटतील असा आवाज. आम्हाला औषधाला परत नगरला निघायचं होतं, म्हणून मी जीप घेऊनच बाईला हुडकत आलो. ती खडीच्या ढिगाला पाठ लावून बसली होती. पाय लांब पसरलेले, तोंड उघडं, गाढ झोपलेली. त्या आवाजात. जीपमध्ये कधी डुलकी न घेणारी बाई.

शेवंता तिच्या शेजारी उभी होती. सुजलेला हात पोटाशी धरलेला. दुसऱ्या हातात हातोडा नव्हता. तिनं घमेलं उचलून बाईच्या तोंडावर सावली धरली होती. लोखंडी घमेलं, जड, तरी खाली घेत नव्हती. तेवढा वेळ तिची खडी बुडत होती.

मी म्हटलं, "बाईला उठव, निघायचंय."

"हळू बोला," शेवंता म्हणाली. "तिकडं जाऊन थांबा. उठली की धाडते."

मी हॉर्नवर हात ठेवला. शेवंतानं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी हात काढला, जीपचा ब्रेक सोडला आणि इंजिन चालू न करता गाडी उतारावरनं तशीच खाली जाऊ दिली.